चौथ्या मजल्यावरचे बागायतदार

घटस्थापनेच्या सकाळी काकू परडीत काळी माती पसरतात, धान्य पेरतात, मधोमध घट मांडतात. काका मागे हात जोडून उभे असतात, पण डोळे मातीवर. "ओल जास्त झालीय. कुजेल," हा पहिला शेरा आरतीच्या आधीच येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी पिवळे कोंब चांगले वर येतात तेव्हा दुसरा : "उजेड नाही, म्हणून रोपं लांबडी झालीत. खिडकीत ठेवायला हवी होती." घट बसला की दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो, हे काकू दर वर्षी सांगतात. काकाही दर वर्षी ते मान्य करतात आणि "तरीपण" म्हणून वनस्पतिशास्त्राकडे वळतात.

इथून त्यांचा रब्बी हंगाम सुरू होतो.

कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, कुठेही जा. चार मजली जुन्या सोसायटीत हे गृहस्थ सापडतातच. बँकेतून नाहीतर विमा कंपनीतून निवृत्त. सातबाऱ्यावर नाव लागेल अशी गुंठाभर जमीन नाही. आहे ती गच्ची, तीही सामायिक. तिच्या दक्षिण कडेला कुंड्या, रंगाचे रिकामे डबे, थर्माकोलचे खोके आणि मधोमध कापलेला एक निळा ड्रम. सगळं मिळून साठेक चौरस फूट. पण काका कधी "कुंड्यांत थोडी मेथी टाकतोय" असं म्हणणार नाहीत. "यंदा मेथीच करायची म्हणतो," असं ते खिशात हात घालून, क्षितिजाकडे बघत सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, विहिरीवर मोटर बसवून झाली आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस पुण्यातून काढता पाय घेतो आणि ऊन कडक पडतं. काका याच उन्हाची वाट बघत असतात. पावसाळ्यातली दमलेली भेंडी आणि दोडक्याचा वेल उपटून ते सगळ्या कुंड्या प्लास्टिकच्या कागदावर पालथ्या करतात. चार दिवस माती तापली की हुमणीच्या अळ्या आणि बुरशी बरीचशी निकालात निघते. हे अगदी योग्यच आहे. अडचण एवढीच, की दिवाळीच्या साफसफाईसाठी गाद्यांना ऊनही याच दिवसांत द्यायचं असतं. तिसऱ्या मजल्यावरची गादी आणि चौथ्या मजल्यावरची माती यांचा सीमावाद दर वर्षी सेक्रेटरींपर्यंत जातो. सेक्रेटरी वर येतात, दोन्हीकडे बघतात आणि पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का ते तपासून खाली जातात.

मग खत. सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं जीवामृत काकांना तोंडपाठ आहे : दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे झालं एका एकराला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हिशेब करण्यात काकांची हयात गेलेली. साठ चौरस फुटांना पाव लिटरच्या आसपास जीवामृत पुरतं आणि त्यात बेसन लागतं जेमतेम तीन ग्रॅम, हे ते मिनिटभरात कागदावर काढतात. कागदाची घडी करून खिशात ठेवतात आणि वीस लिटरची बादली भरून जीवामृत करतात. चार गुंठ्यांची बेगमी झाली. बेसन काकूंनी लाडवांसाठी आणलेल्यातलं. गोमूत्राचा कॅन लिफ्टमधून जातो, त्या दिवशी इमारतीतले सगळे जिने चढतात आणि कुणाच्या तरी घरी हमखास पाहुणे आलेले असतात.

बांधावरच्या मातीचं काय करतात? त्यासाठी काका उरुळी कांचनच्या नर्सरीपर्यंत जातात आणि येताना गरज नसलेली पिटुनियाची बारा रोपं घेऊन येतात.

गुलाबाची छाटणी हा त्यांचा खरा मानाचा दिवस. ऑक्टोबरात तिकडे नाशिकला द्राक्षांची गोडी छाटणी चालू असते. काका त्या बातम्या अशा काळजीने वाचतात, जणू पिंपळगावला स्वतःची बाग आहे. "यंदा छाटण्या लांबल्या," असं ते दूधवाल्याला सांगतात. स्वतःचे गुलाब पाच. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या जरा वर तिरपा काप घ्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही आणि फांदी झुडपाच्या पोटात न वळता बाहेर फुटते. कापावर बोर्डो पेस्ट. काकांचा हात यात खरोखर तरबेज आहे, आणि सोसायटीची पंचाईत हीच. स्वतःचे पाच गुलाब अर्ध्या तासात संपतात, कात्री हातात असते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा गुलाब जिन्यातच ठेवलेला असतो. त्याला चार कळ्या होत्या, हे बाईंनी नंतर सांगितलं. "पन्नास दिवस थांबा, चाळीस येतील," असं काकांनी उत्तर दिलं. चाळीस काही आल्या नाहीत. सोळा आल्या. त्या बाई आता स्वतःहून कुंडी वर आणून ठेवतात, फक्त तसं बोलून दाखवत नाहीत.

झेंडू आणि शेवंतीचे शेंडे खुडण्याचंही तसंच. शेंडा खुडला की बगलफुटवे येतात, झाड भरतं, फुलं वाढतात. ही विद्या एकदा अंगात भिनली की माणूस रस्त्याने सरळ चालू शकत नाही. लोकांच्या कुंपणातून बाहेर आलेला शेंडा दिसला की काकांची बोटं आपोआप चिमटीत येतात.

शेवंतीने मात्र त्यांना थेट भांडणातच उतरवलं. शेवंती रात्रीच्या लांबीवर चालते. दिवस लहान झाले, रात्रीचा अखंड अंधार पुरेसा लांब झाला, की ती कळी धरते. मध्येच दिवा लागला की तिला वाटतं, अजून उन्हाळाच आहे. झाडांचा हा स्वभाव गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूवरच्या प्रयोगांतून मांडला. काकांनी तो सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडला. कारण गच्चीवर नवा एलईडी लागला होता आणि तो रात्रभर नेमका शेवंतीच्या डोक्यावर जळत होता. "चोर आले तर?" असं खजिनदारांनी विचारलं. "शेवंती चोरायला?" असं काकांनी विचारलं. दिवा राहिला. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी सहाला शेवंतीवर काळं कापड टाकतात आणि सकाळी सातला काढतात. सोसायटीच्या नळाला त्यांनी कधी इतकी वेळ पाळायला लावली नव्हती. कळ्याही वेळेवर आल्या. कापड म्हणजे काकूंची चंद्रकळा होती, हे संक्रांतीच्या सकाळी कपाट उघडल्यावर कळलं. त्या वर्षी काकू हळदीकुंकवाला जांभळी साडी नेसून बसल्या, आणि प्रत्येक सवाष्णीला वाणाबरोबर त्यामागची हकिगतही मिळाली.

थंडी पडायला लागली की काकांचं पाऊल हलकं पडतं. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातल्या वेधशाळेचं किमान तापमान ते रोज पाठ करतात. १७ जानेवारी १९३५ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. काकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण त्या रात्रीचा धसका घेऊन ते आजही टोमॅटोवर पोतं टाकतात.

आणि मग मेथी तयार होते. त्यांची मेथी उत्तम असते, कोवळी आणि रुंद पानांची. दुर्दैव इतकंच, की सगळ्या जिल्ह्याचीच मेथी त्याच आठवड्यात तयार होते. मार्केट यार्डात पालेभाजीचे ढीग लागतात, भाव कोसळतात, आणि कोपऱ्यावरची भाजीवाली दहा रुपयांना दोन जुड्या काकूंच्या पिशवीत टाकते. काकांच्या मेथीची एकच जुडी होते आणि ती तिघांना प्रसादासारखी वाटली जाते. घरी भाजी होते ती भाजीवालीच्या जुडीची. काका घास घेऊन म्हणतात, "आपल्या मेथीची चवच वेगळी." काकू वाढत राहतात.

गेल्या हंगामातलं मुख्य पीक होतं निळ्या ड्रममधला फ्लॉवर. एक नग. तो लिंबाएवढा झाला तेव्हा काकांनी बाहेरची पानं वर घेऊन सुतळीने बांधली, म्हणजे ऊन लागून गड्डा पिवळा पडत नाही. रोज सकाळी सुतळी सोडून तो बघायचा, परत बांधायचा. इमारतीतल्या बहुतेकांना वर नेऊन दाखवून झाला. शेंडे गमावलेले शेजारीसुद्धा कौतुक करून गेले. कापायचा ठरला तो मुलगी बंगळूरहून येईल त्या रविवारी. तिची रजा पुढे गेली. मग २६ जानेवारीच्या आसपास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन आलं, त्यात तीन दिवस गेले. मुलगी फेब्रुवारीत आली तोवर गड्डा सैल होऊन त्याला तुरे फुटले होते आणि वर लहान पिवळी फुलं डुलत होती.

"बाबा, हा कापायचा नव्हता का?" तिने विचारलं.

"छे," काका म्हणाले, "बियाण्याला राखलाय."