पासवर्ड बंगळूरला

निपाणीच्या माझ्या मामांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला, तेव्हा त्यांच्या मुलाने त्यात लिनक्स घातलं आणि तो बंगळूरला नोकरीवर रुजू झाला. जाताना ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डही घेऊन गेला. सीमाभागात याचं नवल कुणाला? राहायचं इथे आणि पासवर्ड बंगळूरला, ही व्यवस्था १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून अंगवळणी पडलेली.

मामांना बघायचा होता 'सांगत्ये ऐका'. १९५९चा, अनंत मान्यांचा तमाशापट. प्लेअर उघडेना. परवानगी नाकारली, एवढंच म्हणे. मामांनी मला बेळगावहून बोलावून घेतलं. "घर माझं, लाईटबिल माझ्या नावावर, आणि पिच्चर बघायला परवानगी कुणाची रं?"

मुलाने फोनवरून पासवर्ड दिला आणि तोडगाही: सुडो लाव. सुडो ही १९८०च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात जन्मलेली सोय. घटकाभर ती तुम्हाला 'रूट' करते, म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा. मनात आलं तर अख्खी डिस्क पुसा, कुणी विचारणार नाही. एका लावणीसाठी एवढे अधिकार म्हणजे तमाशाच्या तिकिटासाठी कलेक्टर होण्यासारखं. तरी लावला.

पिच्चर सुरू झाला. जयश्री गडकर नाचायला लागल्या, पण आवाज नाही! आवाजाचं खातं पल्सऑडिओ सांभाळतो, आणि तो लॉगिन करून बसलेल्या माणसाचंच ऐकतो. रूट झाला म्हणून काय झालं, उभा राहा बाहेर. नाव 'सांगत्ये ऐका' आणि चित्र मुकं. मामा पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्याला अधिकार हाय, खरं आवाज न्हाई. आमचं नेमकं उलटं."

पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेला व्हीएलसी हा दुसरा प्लेअर तर रूट म्हणून चालायला साफ नकार देतो आणि वर सॉरीही म्हणतो. आमच्या बेळगावात २०१२पासून कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध उभं आहे. तिथे असं पद नाकारून सॉरी म्हणणारं कुणी मला अजून भेटायचंय.

शेवटी फाइलींची यादी काढली, कोण कशाचा मालक ते दाखवणारी. प्लेअरच्या सेटिंगचं फोल्डर होतं मामांच्या घरात, पण चढलं होतं रूटच्या नावावर. चिरंजीवांनी बसवताना प्लेअर पहिल्यांदा सुडो लावून चालवला असणार; तेव्हा जे फोल्डर तयार झालं ते रूटचं. मग मामांना स्वतःचीच सेटिंगं वाचता येईनात.

मामांची हयात तंबाखूच्या वखारीत आणि तलाठ्याच्या दारात गेलेली. त्यांना पटकन उमगलं. "उताऱ्यावर नाव चुकलंय म्हण की. फेरफार कर."

'चोन' नावाची एक ओळीची आज्ञा असते. दिली, आणि फोल्डर मामांच्या नावावर. सुडोशिवाय प्लेअर उघडला, आवाजासकट. पण मामा खूश व्हायच्या ऐवजी संशयाने बघायला लागले. "एका ओळीत? हरकत न्हाई, तारीख न्हाई?" सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हापासून त्यांचा एका ओळीवर विश्वास नाही.

एवढ्यात मामींनी स्वतःचं खातं मागितलं. काढून दिलं. मामांचं बघून त्यांनीही सुडो लावला. उत्तर आलं: तुमचं नाव यादीत नाही, या घटनेची खबर दिली जाईल.

"खबर? कुणाला?" मामी घाबरल्या.

"कुणाला नाही मामी, याच मशीनच्या नोंदवहीत पडून राहते. कुणी वाचत नाही."

"मग बंगळूरलाच गेली म्हण की," मामा म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला.