मनगटांची अब्रू

जपानी टीव्हीवर अटकेची बातमी पाहताना परक्या माणसाला आधी वाटतं, आपलाच चष्मा पुसायला हवा. आरोपीचा चेहरा लख्ख. नाव, वय, पेशा ठळक. धूसर आहेत ती फक्त मनगटं. बेड्या दाखवायच्या नाहीत, कारण गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. म्हणजे माणूस बदनाम झाला तरी चालेल, मनगटांना डाग लागता कामा नये.

मग वार्ताहर त्याच्या गल्लीत शिरतात. शेजारी सांगतो, "भेटला की वाकून नमस्कार करायचा हो!" शेजारी दिसतो गळ्याखालीच, त्याला अब्रू असते. पाठोपाठ शाळेच्या अल्बममधला फोटो, आणि लहानपणी लिहिलेला भविष्यातल्या स्वप्नांवरचा निबंध. बेसबॉलपटू व्हायचं होतं म्हणे. तेव्हाच संशय यायला हवा होता.

आरोपपत्राआधी २३ दिवसांपर्यंत कोठडी, आणि खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून अधिक दोषी. (आपल्या वाहिन्या याच्याही पुढे आहेत; त्या रात्री नऊलाच निकाल लावतात.) दोषी ठरलेल्यांतलाच एक इवाओ हाकामादा. १९६६ मध्ये अटक, २०२४ मध्ये निर्दोष. तेव्हा काही वृत्तपत्रांनी आपल्या जुन्या बातम्यांबद्दल माफी मागितली. मुष्टियोद्धा हाकामादा तोवर ८८ वर्षांचा झाला होता.