पेटी म्हणजे संदूक नव्हे
कन्हानकाठच्या नवशिक्या भजनी मंडळांसाठी पूर आणि विमा यांची प्राथमिक माहिती

ज्या मंडळाकडे किमान एक पेटी, तबला-डग्ग्याची जोडी, एक मृदंग, दोन खंजिऱ्या आणि माणसांपेक्षा चार कमी टाळ आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्याकडे नुसते टाळच आहेत त्यांनी वाचायचे कष्ट घेऊ नयेत. पितळेला पुराचं भय नाही. टाळ गाळातून काढायचे, चिंचेने घासायचे आणि संध्याकाळी भजनाला बसायचं. लिहिणारा रामाकोन्यातल्या एका मंडळाचा हिशेब सांभाळतो. त्याला गाता येत नाही, म्हणून वही दिली.

पहिली पायरी: नदी ओळखा. चैत्रात कन्हान पाहून तिच्याविषयी मत बनवू नका. चैत्रात ती चप्पल हातात धरून ओलांडता येते. श्रावणात वर सातपुड्यात पाऊस झाला की आपल्याकडे लख्ख ऊन पडलेलं असतानाही ती चढते, आणि चढताना कोणाला सांगत नाही. 2020 च्या ऑगस्टअखेर कन्हान आणि पेंच दोघी एकदम भरल्या तेव्हा खालच्या अंगाला पारशिवनी, कामठी, मौदा या बाजूची कितीतरी गावं पाण्यात गेली होती. त्यातही एक बारीक गोष्ट आहे, ती शहरातल्या पॉलिसीवाल्याला कळत नाही. घरात येतं ते पाणी बहुतेक वेळा नदीचं नसतंच. नदी फुगली की गावातल्या नाल्याला तोंड राहत नाही, तो उलटा फिरतो आणि मागच्या दाराने येतो. आमच्याकडे तो तसाच आला. समोरच्या दाराशी वाळूच्या गोण्या रचून आम्ही पहारा देत होतो.

आणि वेळ कोणती? श्रावणाची भजनं, पोळा, गणपती. एरवी माळ्यावर असलेली वाद्यं नेमकी याच दोन महिन्यांत खाली जमिनीवर असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीत गोटमार असते, तेव्हा तर अख्ख्या जिल्ह्याचं लक्ष नदीतल्या दगडांकडे असतं, पाण्याकडे कोणी बघत नाही.

दुसरी पायरी: वाद्य आतून पाहा. पेटी रोज वाजवणाऱ्यानेही ती आतून पाहिलेली नसते. वरची फळी काढा. पितळेच्या छोट्या पट्टीवर पितळेचीच पातळ जीभ, तो एक सूर. अशा जिभांच्या दोन रांगा. त्यांना पाणी लागलं तर काही बिघडत नाही, बिघडतं ते गाळाने. केसाएवढ्या फटीत मातीचा कण बसला की जीभ हलत नाही आणि सूर मुका होतो. वाजवायच्या पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा पोलादी, त्या आठवड्यात गंजतात. लाकूड फुगतं, शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना धरतात, एक दाबली की तीन खाली जातात. सगळ्यात आधी जातो तो भाता. पुठ्ठा, कापड, चामडं आणि सरस एवढाच त्याचा जीव. जुन्या पेट्यांतला सरस पाण्यात चहातल्या बिस्किटासारखा विरघळतो. अशी पेटी उचलली की भात्याच्या घड्या हातात राहतात आणि बाकीची पेटी खाली.

तबल्याची तऱ्हा वेगळी. डग्ग्याचं भांडं तांब्याचं, पितळेचं, त्याला धक्का नाही. जाते ती वरची चामड्याची पुडी. मधली काळी शाई म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ, थरावर थर देऊन दगडाने घोटलेली. खळ म्हणजे शेवटी भात. भात भिजला की जे होतं तेच शाईचं होतं. पुडी ताणून धरणारी चामड्याची वादी सैल पडते, तिच्याखालचे लाकडी गठ्ठे घरंगळतात. यावर नवशिक्या लगेच उपाय करतो, तबला उन्हात ठेवतो. दोन तासांत चामडं इतकं ताणतं की किनारीपाशी टर्रकन फाटतं. पुरात वाचलेला तबला उन्हात गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. सावली, वारा आणि धीर, एवढंच त्याला लागतं.

खंजिरीबद्दल थोडं हळू आवाजात. तुकडोजी महाराजांमुळे आपल्या भागात खंजिरी नाही असं मंडळ नाही. पण एखाद्याच्या आजोबांच्या खंजिरीवर घोरपडीचं कातडं असेल, तर तिच्या विम्याच्या भानगडीत पडू नका. घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. विमा कंपनीचा सर्व्हेयर यायच्या आत वनखातं दारात उभं राहील.

तिसरी पायरी: मालक ठरवा. हे सोपं वाटतं. कंपनीचा पहिला प्रश्न असतो, वस्तू कोणाची? वस्तू गेल्याने ज्याचं नुकसान होतं त्यालाच विमा काढता येतो. पेटी घेतली गावाच्या वर्गणीतून, पावती दुकानदाराने फाडली पेटी आणायला गेलेल्याच्या नावाने, ती राहते मारुतीच्या देवळात आणि वाजवतात गुरुजी. मी फॉर्मवर मालक म्हणून "श्री मारुती" लिहिलं होतं. हसू नका, देवाला आपल्या कोर्टात कायदेशीर व्यक्ती मानतात, त्याच्या नावावर शेतं आहेत. पण सहीच्या जागी अडलं. मग कोणीतरी सुचवलं, मंडळ नोंदवून घ्या. मध्यप्रदेशात 1973 चा सोसायटी नोंदणीचा कायदा आहे, त्याखाली नोंद होते. सभा बोलावली. अध्यक्ष कोण यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा झाली. अध्यक्ष अजून ठरायचा आहे. तात्पुरतं आम्ही काय केलं तर पेटी ज्यांच्या घरी ठेवली त्यांच्या नावे मंडळाचा ठराव केला. तेव्हापासून त्यांच्या घरचे ती आपलीच समजतात.

चौथी पायरी: पॉलिसी. एप्रिल 2021 पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला भारत गृह रक्षा ही एकाच नमुन्याची घराची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आगीबरोबर पूरही येतो. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत संरक्षण मिळतं, जास्तीत जास्त दहा लाख. विम्याची रक्कम कमी धरली गेली म्हणून दाव्याला कात्री लागत नाही. घर असलेल्या माणसाला हे पुरे आहे, फक्त पेटीची वेगळी नोंद ठेवा. पण ही पॉलिसी घराची. देऊळ म्हणजे घर नव्हे, हे कंपनीला पटतं, भक्ताला नाही.

वाद्य गावोगाव फिरत असेल तर वस्तूनिशी काढायचा विमा वेगळा. त्यात हिशेबाची एक खोच असते. समजा पेटी तीस हजारांची आणि हप्ता वाचवायला तुम्ही ती पंधरा हजारांची सांगितली. पुरात दहा हजारांचं नुकसान झालं. तुम्हाला वाटतं, दहा तर पंधराच्या आत आहेत. मिळतात पाच. निम्मा विमा, निम्मी भरपाई, आणि त्यातून घसारा. घसाऱ्याचं तर्कशास्त्र असं की जुनं ते स्वस्त. इकडे आमचे बुवा म्हणतात की पेटीचे सूर वीस वर्षांनी कुठे बोलायला लागतात. मिरजेच्या तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कारागिराला विचारा, मुरलेल्या लाकडाचं काय करायचं ते. तो घसारा म्हणणार नाही. दागिने, चित्रं, कलाकुसर यांना आधीच ठरवलेल्या किमतीचा विमा काढता येतो. बुवांच्या मते पेटी दागिन्यातच येते. बुवा कंपनीत नाहीत.

आणखी एक. "ओलावा" आणि "पूर" हे कंपनीच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. पावसाळी हवेने तबला उतरला, बुरशी आली, वाळवी लागली, यातलं काही मिळत नाही. पाणी घरात शिरलेलं दिसलं पाहिजे. भिंतीवर गाळाची रेघ राहते, तिचा फोटो घ्या, शेजारी माणूस उभा करून. नाल्याचं असो की नदीचं, आत शिरलेलं पाणी ते पाणीच. हा वाद सर्व्हेयरशी घालावा लागतो.

पाचवी पायरी: दावा. इथे थोडं थांबायला लागेल, कारण आमचं पाणी इथेच मुरलं.

आपण बोलतो मराठी, फॉर्म हिंदीत. पूर ओसरल्यावर मी मन लावून यादी लिहिली. पेटी, एक. तबला-डग्गा, एक जोडी. नुकसानाच्या रकान्यात लिहिलं: पेटीचा भाता फाटला, सूर गेले, तबल्याची शाई निघाली, वादी सैल झाली. कंपनीचं नाव सांगत नाही. पाहणीला आलेला साहेब भला माणूस होता, पण हिंदीत पेटी म्हणजे संदूक. त्याने विचारलं, "पेटी में था क्या?"

गुरुजी म्हणाले, "सूर."

"सूर की रसीद?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, सूर पेटीतच येतात, वेगळे घ्यावे लागत नाहीत. त्याने लिहिलं. मग तबल्यावर आला. शाई सांडली तर तो तुमचाच निष्काळजीपणा, असं त्याचं म्हणणं. वादी कोण आणि कोर्टात केस चालू आहे का, हेही विचारून घेतलं. दारातली म्हातारी म्हणाली, "काहून त्रास देऊन राह्यले बाप्पा पोराले, वाजवून दाखव ना त्याले." वाजवून दाखवायला पेटी वाजत असती तर दावा कशाला केला असता.

महिनाभराने मंजुरी आली: लोहे की पेटी, एक नग. तेवढ्या पैशांत खरोखरच एक चांगली पत्र्याची पेटी आली. हार्मोनियम आता तिच्यात ठेवतो.

तेव्हा नवशिक्यांनी हे पाठ करावं. फॉर्मवर "पेटी" लिहू नका, "हार्मोनियम" लिहा. "सूर" नव्हे, "रीड". "शाई" हा शब्द लिहूच नका, "पुडी बदलणे" लिहा. आतल्या पाटीवरचं कारागिराचं नाव, नंबर, पट्ट्या किती, रीडच्या रांगा किती, हे पावसाळ्याआधी वहीत उतरवा आणि फळी उघडून आतून फोटो काढा. पाणी ओसरल्यावर आधी फोटो, मग कंपनीला कळवणं, मग वाळवणं. नुकसान वाढू न देणं हीही तुमचीच जबाबदारी असते, म्हणून वाद्य ओलं ठेवून साहेबाची वाट बघू नका. फक्त काही टाकून देऊ नका आणि दुरुस्त करू नका. भाता हलवून "वाजते का" तर मुळीच बघू नका, त्यानेच गाळ सुरांच्या फटीत जातो. हे आमच्याकडे कोणी केलं ते मी लिहिणार नाही, पण त्यांना गाता येतं.

निकाल पटला नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही. दवाखान्याला नागपूर, लग्नाच्या बस्त्याला नागपूर, संत्री विकायलाही नागपूर. लोकपाल मात्र भोपाळ.

सहावी पायरी: वाद्य उंच ठेवा. ही खरं तर पहिली हवी होती. 2010 च्या मे महिन्यात अमेरिकेत नॅशविल शहरात कंबरलँड नदीला पूर आला. ते गाण्याचंच गाव. नदीकाठच्या एका मोठ्या गोदामात शेकडो कलाकारांनी गिटारी ठेवल्या होत्या, त्या पाण्यात गेल्या. तिथल्या नव्या संगीत सभागृहात तळघरातले दोन मोठे स्टाइनवे पियानो बुडाले. एवढी विद्या, एवढा पैसा, आणि वाद्यं तळमजल्यावर. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हाही खालच्या मजल्यावरचंच सामान गेलं. म्हणून भिंतीवर गाळाची जुनी रेघ शोधा, तिच्या दोन हात वर फळी ठोका. भजन संपलं की वाद्य फळीवर, मग चहा. आधी चहा घेतला तर वाद्य सकाळपर्यंत सतरंजीवरच राहतं. आमच्या फळीला सुताराने मजुरीसकट जे घेतलं ते एका वर्षाच्या हप्त्याहून कमी होतं.

पेटीची आता परिस्थिती अशी. भाता नवा बसवला, स्प्रिंगा बदलल्या. काळी एकचा षड्ज मात्र अजून बोलत नाही. बुवा पांढरी दोनमध्ये गातात आणि वरच्या षड्जाला डोळे मिटतात. विम्याचं नूतनीकरण पोळ्याच्या आधी करायचं आहे. अकरा जणांची वर्गणी बाकी आहे, नावं देवळातल्या फळ्यावर लिहिली आहेत. ती या शनिवारच्या भजनाला आणून द्यावी.