पोचल्याचा निरोप

कोणी गावाला निघालं की आमच्या घरात दोन पंथ उभे राहतात. आई म्हणते, "पोचलास की फोन कर." बाबा म्हणतात, "काही झालं तरच कर. नाही आला फोन, तर आम्ही समजू पोचलास." बाबांच्या मनातला एसटीडी बूथ अजून बंद झालेला नाही.

मी बाबांवर गेलो. आणि नोकरी धरली डेटाबेस सांभाळायची.

आमच्या सीक्वल सर्व्हरवर रात्री दोनला बॅकअपचा जॉब चालतो. जॉबच्या नोटिफिकेशन्सच्या पानावर तो विचारतो, ईमेल कधी पाठवू? काम फत्ते झाल्यावर, फसल्यावर, की कसंही संपल्यावर? म्हणजे आमच्या घरचंच भांडण, फक्त ड्रॉपडाऊनमध्ये. मी 'फसल्यावर' निवडलं आणि नऊ रात्री मेल आला नाही म्हणून ढाराढूर झोपलो.

दहाव्या दिवशी अकाउंट्समधल्या बाईंचा फोन. चालू महिन्याची चलनं चुकून उडाली होती. "कालचा बॅकअप लावा ना," त्या अगदी सहज म्हणाल्या. मी पण सहज फोल्डर उघडला. शेवटची फाईल नऊ दिवसांपूर्वीची. जुन्या फाईलींनी डिस्क गच्च भरली होती आणि जॉब रोज रात्री दोनला इमानेइतबारे आपटत होता.

जॉबची हिस्टरी उघडली. लाल फुल्यांची माळ. प्रत्येक फुलीच्या मजकुराच्या शेवटी एक टीप : ऑपरेटरला ईमेलने कळवता आलं नाही. म्हणजे मला सांगता आलं नाही, ही गोष्टसुद्धा त्यानं नऊ वेळा लिहून ठेवली होती. स्वतःच्याच वहीत. कुलूप लावून घराच्या आत पाटी टांगावी, 'आम्ही बाहेर गेलो आहोत', तसं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. (साहेब मागे उभे राहिले की टायपिंगचा वेग अर्ध्यावर येतो, हा माझा अनुभव.) मी डेटाबेस मेलवर राइट क्लिक करून टेस्ट मेल पाठवला. टिंग! दोन सेकंदांत हजर. "येतोय की मेल!" साहेब म्हणाले. तेच तर दुखणं. हाताने पाठवला की येतो, जॉबने पाठवायचा म्हटलं की नाही. एक मुद्दाम फसणारा जॉब बनवला. तो फसला, त्या दिवशी ठरवल्याप्रमाणे पार पडलेलं ते एकमेव काम. मेल नाही. एमएसडीबीमध्ये मेलच्या नोंदी असतात, तिथे पाहिलं, तर माझ्या टेस्ट मेलचं नाव आहे, जॉबच्या मेलचा मागमूस नाही. पत्र हरवलं नव्हतं, पेटीत पडलंच नव्हतं.

झालं होतं असं की, मेल पाठवणारं खातं वेगळं आणि जॉब चालवणारा एजंट वेगळा. एकाच इमारतीत राहतात, पण ओळखदेख नाही. एजंटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलर्ट सिस्टीम' नावाचं पान आहे. तिथे मेल प्रोफाईल चालू करायची टिकली द्यावी लागते आणि कुठलं प्रोफाईल तेही सांगावं लागतं. ती टिकली कोरी होती. दिली. जॉब चालवला. मेल नाही! कारण एजंटची सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय त्याला ते कळत नाही. त्याला एकदा झोपवून उठवावं लागतं, तेही दुसरा एखादा जॉब मधेच चालू नाही ना हे बघून.

उठवला. आता नोंदींत 'सेंट' दिसू लागलं. माझा इनबॉक्स मात्र कोरडाच. 'सेंट' म्हणजे मेल सर्व्हरने पत्र हातात घेतलं, एवढंच. घरी पोचवलं असं नव्हे. शेवटी ऑपरेटरचा पत्ता उघडून पाहिला, तर तो माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थांचा! तीन वर्षांपूर्वी ते कंपनी सोडून गेले. त्यांच्या पत्त्यावरून मेल परत येत असणार, पण तो जाणार 'नो-रिप्लाय' खात्यात, आणि ते कोणी उघडत नाही.

बाईंनी नऊ दिवसांची चलनं पुन्हा हाताने भरली. तेव्हापासून त्यांच्या डब्यातली आळूवडी माझ्यापर्यंत येत नाही.

मी पंथ बदलला. आता जॉब कसाही संपला तरी मेल येतो. पहिल्या रात्री जागा राहिलो. दोन वाजून गेले, सव्वादोन झाले, आणि फोन टिंगला. हॉलमध्ये आई जागीच होती. तिला झोप कमी.

"कोण रे एवढ्या रात्री?"

"सर्व्हर."

"पोचला का नीट?"

"पोचला."

"मग झोप आता."