नाते 'टू' की नाते 'विथ'?

लेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप आबा यांचे सेवेशी,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपणांस इकडे बोलावण्यासाठी व्हिसाचे निमंत्रणपत्र लिहावयास बसलो असता, आपले नाते कोणत्या अव्ययाने जोडावे यावरून घरात तंटा उपस्थित झाला. आपल्या सूनबाईंनी मसुद्यात 'रिलेशनशिप विथ' घातले. तेव्हा मराठीत 'मी आला' म्हणणाऱ्या, परंतु इंग्रजीत साक्षात न्यायमूर्ती असलेल्या चि. मुक्ताने निकाल दिला की, 'टू' म्हणजे नाते कोणते, आणि 'विथ' म्हणजे त्या नात्यात पटते किती. बांधाकडच्या आंब्याची वाटणी अद्याप प्रलंबित असता या दुसऱ्या बाबीची चौकशी परमुलखातील सरकारने करावी, हे मला उचित वाटेना. सबब 'टू' कायम केला.

मुक्ताने शाळेसाठी येलदरीवर निबंधही लिहिला आहे. 1968 साली पुरे झालेले आपले धरण पूर्णेवर आहे, हे आपण जन्मभर सांगत आलो. इंग्रजीत मात्र ते नदीच्या 'ॲक्रॉस', म्हणजे आडवेही पडलेले असते, आणि खरे पाहता त्यात इंग्रजांचे काही चुकले असे म्हणवत नाही. पुढे मात्र अंदाधुंदी आहे. पाण्याची मागणी म्हटली की 'डिमांड फॉर', त्याच पाण्याची टंचाई म्हटली की 'शॉर्टेज ऑफ', पातळीतली वाढ 'राइज इन', आणि पुराने पिकाचे नुकसान झाले तर 'डॅमेज टू'! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या आपल्यासारख्यांनीही येथे हात टेकावे, कारण हा नियमाचा नव्हे, त्या त्या नामाच्या मर्जीचा कारभार आहे. आपला षष्ठीचा प्रत्यय पाहा: पाण्याचा साठा, पाण्याची मागणी, पिकाचे नुकसान. दरबारच्या चोपदारासारखा तो पुढच्या नामाचे लिंग पाहून पोशाख बदलतो, परंतु इसम तोच. इंग्रजी नामास दर खेपेस नवा इसम लागतो, आणि तो कोणी नेमला याचे दफ्तर कोठेही सापडत नाही.

एवढे मी मोठ्या अभिमानाने मुक्तास सुनावले, तर तिने विचारले की साठा पुरुष आणि टंचाई बाई, हे कोणी ठरवले? याचे उत्तर आपणच फोनवर द्यावे. पासपोर्टवरील नावाचे स्पेलिंगही त्याच वेळी अक्षर-अक्षर सांगावे, म्हणजे अर्ज पुढे सरकेल. 'ॲन्सर'नंतर 'ऑफ' नव्हे, 'टू' येते, असे ती मागून ओरडून सांगत आहे.

कळावे, लोभ असावा.
आपला आज्ञाधारक,
बाळू