आजीबाईंची दरखास्त

यजमानिणीच्या स्वयंपाकघरात बसल्यावाचून स्पॅनिश जिभेवर चढत नाही, हा सिद्धान्त बुलढाणा जिल्ह्यातील सुज्ञ पालकांनी निःशंकपणे मान्य केला असून, १२१८ साली विद्यापीठ स्थापन झालेल्या सालामांका नगरीत एखाद्या अपरिचित वृद्धेच्या घरी, तिच्या बोलण्याचे युरो मोजून, चिरंजीवांना रवाना करण्याची त्यांची तजवीज सर्वथैव स्तुत्य आहे. याच चिरंजीवांना बालपणी मेहकरच्या आजीपासून, तिच्या वऱ्हाडीचा संसर्ग होऊ नये म्हणून, कटाक्षाने दूर ठेवले होते. पण ती आजी पडली फुकट, आणि फुकटच्या भाषेला व्याकरण असते असे कोणी म्हणावे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला मिळालेला अभिजात दर्जा सातबाऱ्यावर चढत नसल्याने त्याचा विचार अप्रस्तुत.

आमची दरखास्त इतकीच, की मेहकर, चिखली, लोणार आदी तालुक्यांतील समस्त आज्यांची रीतसर नोंदणी व्हावी, ठेचा-भाकरीसह संभाषणाचा दर युरोत ठरावा आणि मुक्कामाअखेर शिक्क्याचा दाखला मिळावा. दरखास्त मंजूरही झाली असती. परंतु चौकशीअंती निष्पन्न झाले, की नातवाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून आजीबाईंनी इंग्रजीची शिकवणी केव्हाच लावली आहे.