व्हिसानाना

मुलीचं बाळंतपण बोस्टनला आहे असं कळलं, की आमच्या कोथरूडातला माणूस आधी विमानाचं तिकीट बघत नाही, नानांकडे जातो. नाना बँकेतून निवृत्त झालेत, मुलगा न्यू जर्सीत आहे, आणि त्यांचा व्हिसाविषयक अधिकार एकुलत्या एका मुलाखतीवर उभा आहे. तीही २०१० सालची. तेव्हा अमेरिकेची मुंबईतली वकिलात ब्रीच कँडीला, वांकानेरच्या राजेसाहेबांच्या जुन्या महालात म्हणजे लिंकन हाऊसमध्ये होती. पुढच्याच वर्षी ती बीकेसीला म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. बीकेसीतून व्हिसा आणलेल्यांकडे नाना अजूनही जुने मॅट्रिकवाले दहावीवाल्यांकडे बघायचे तसंच बघतात. दहा वर्षांनी त्यांनी व्हिसाचं नूतनीकरण केलं, तेव्हा त्यांना मुलाखतीला कोणी बोलावलंच नाही. कागद परस्पर ड्रॉपबॉक्समधून गेले. म्हणजे एकूण अनुभव फार तर अडीच मिनिटांचा. त्यावर गेली कित्येक वर्षं अख्खी सोसायटी परदेशी जातेय.

डीएस-१६० हा फॉर्म नानांच्याच डायनिंग टेबलावर भरायचा, असा दंडक आहे. वीस मिनिटं काही हालचाल केली नाही तर तो फॉर्म आपला आपण बंद पडतो, त्यामुळे सेव्ह केल्याशिवाय त्या घरात चहा मिळत नाही. आईवडिलांच्या जन्मतारखांपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग सुरक्षेचे प्रश्न येतात. नाना ते खड्या आवाजात वाचतात. ‘दहशतवादी कारवायांत भाग घेतला आहे का? वंशसंहारात? पैशांची अफरातफर?’ आणि प्रत्येक प्रश्नानंतर चष्म्यावरून समोरच्याकडे खरोखर उत्तराची वाट पाहत बघतात. एका गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं होतं, सोसायटीच्या सर्वसाधारण सभा यात धरायच्या का? तुमची कुठली टोळी किंवा जमात आहे का, या प्रश्नापुढे गोत्र लिहायला निघालेल्या दुसऱ्या एकाचा हात नानांनी वेळेवर धरला. शेवटी १८५ डॉलर भरायचे. व्हिसा मिळो न मिळो, ते परत येत नाहीत. हे वाक्य नाना इतक्या समाधानानं उच्चारतात, की त्यात त्यांचा वाटा असावा अशी शंका यावी.

त्यानंतर फाईल. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४(बी) हे कलम नानांना तोंडपाठ आहे. हा माणूस तिकडेच राहायला निघालाय असं अधिकाऱ्यानं आधी धरून चालायचं, आणि तसं नाही हे आपण पटवायचं, असा त्याचा मतलब. म्हणून ‘परत यायची कारणं’ या नावाची प्लास्टिकची जाडजूड फाईल. त्यात फ्लॅटची इंडेक्स टू, एफडीच्या पावत्या, एलआयसी, पेन्शनचं पुस्तक आणि गावच्या जमिनीचा सातबारा. त्या सातबाऱ्यावर चुलतभावांसह इतकी नावं असतात, की तो वाचून कुठलाही शहाणा माणूस परत न यायचंच ठरवेल. पण नाना ऐकत नाहीत. एका काकूंच्या फाईलमध्ये त्यांनी हास्यक्लबाचं आजीव सदस्यत्वही घातलं होतं.

खरी मजा रंगीत तालमीला. स्वयंपाकघराच्या सर्व्हिंग खिडकीच्या आत नाना बसतात, बाहेर अर्जदार उभा. मुलाखत मराठीतूनही देता येते, हे नानांना ठाऊक आहे. पण तालीम इंग्रजीतच होते. समोर त्याच काकू:

“पर्पज ऑफ व्हिजिट?”

“अहो, सुनेचे दिवस भरत आलेत आणि तिच्या आईचे गुडघे...”

“रिजेक्ट!” नाना ओट्यावर लाटणं आपटतात. “वहिनी, नातवाला सांभाळायला चाललोय असं म्हणायचं नाही. ते काम झालं! नातवाला बघायला चाललोय म्हणायचं. खोटं बोलायचं नाही, खरं बेतानं बोलायचं.”

हा सल्ला अगदीच चुकीचा नाही, हे मलाही मान्य आहे. पण माणसं बेतानं बोलणारी असती, तर नानांची गरजच कशाला पडली असती?

आदल्या दिवशी बोटांचे ठसे द्यायला वेगळ्या केंद्रावर जायचं, दुसऱ्या दिवशी बीकेसी. आत मोबाईल चालत नाही, म्हणून मोबाईल धरायला जावई. रात्रीच्या मुक्कामाला पार्ल्याची मावशी. एवढ्या लवाजम्यानिशी काकू खिडकीपाशी पोचल्या आणि नानांनी घोटून घेतलेलं सगळं विसरून त्यांनी विहिणीच्या गुडघ्यांसकट सांगून टाकलं. अधिकारी हसला, याआधी कुठे प्रवास केलाय का विचारलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. म्हणजे व्हिसा मिळाला. फाईलकडे त्यानं बघितलंही नाही. सहसा कोणी बघत नाही. भरलेला फॉर्म त्याच्यासमोर असतोच.

“त्या दिवशी खिडकी चांगली लागली,” नाना म्हणाले.

उलट, चौथ्या मजल्यावरच्या मुलानं नानांची उत्तरं स्वल्पविरामासकट पाठ केली होती. त्याला २१४(बी)चा कागद मिळाला. नाना क्षणभरही डगमगले नाहीत. “पाठ केल्यासारखं बोलला असशील!” नंतर त्यांनीच त्याला हैदराबादजवळच्या चिलकूरच्या व्हिसा बालाजीला धाडलं. तिथे नवसाच्या अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि काम झालं की एकशे आठ. पण तिथेही नानांची सूचना होतीच: प्रदक्षिणा फॉर्म सबमिट केल्यानंतर घालायच्या, आधी नाही.

नाना पैसे घेत नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं; एजंटाशी निदान भांडता तरी येतं. त्यांना हवा असतो तो निकालाचा पहिला फोन. तो आपल्या पोरांच्याही आधी त्यांना करावा लागतो, नाहीतर पुढचे सहा महिने ते लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

तेव्हा त्यांच्याकडे जरूर जा. फाईल घ्या, तालीम करा, आणि खिडकीवर विचारतील तेवढंच आपल्या भाषेत सांगा. फोटो मात्र नानांच्या सांगण्याप्रमाणेच काढा: दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरा पडदा, चष्मा काढून. तेवढं त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.